शेवटचा पाठ पहिला

मी फोनवरून कॉम्प्युटर शिकवते. शिकणारे सगळे दृष्टिहीन, आणि मीही. त्यामुळे "वर डावीकडे कोपऱ्यात बघा" असलं काही आमच्यात चालत नाही. समोरच्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, फोनमधून मला ऐकू येतो आणि तो काय बोलतोय त्यावरून माणूस कुठे अडकलाय ते कळतं. बहुतेक फोन दहा-पंधरा मिनिटांत आटपतात. हा अडीच तास चालला.

काका निवृत्त. नजर गेली तीही निवृत्तीनंतरच, आणि आता गाणं शिकतायत. त्यांच्या बाईंनी सरावाचे ३६ पाठ रेकॉर्ड करून दिले होते. काकांचा प्लेअर अगदी साधा, त्याला स्क्रीन नाही की बोलणारा मेनू नाही. पुढे, मागे, आवाज, थांबा, एवढीच बटणं. सातवा पाठ हवा असेल तर पहिल्यावर यायचं आणि 'पुढे' सहा वेळा दाबायचं. अशा यंत्रावर क्रम हाच पत्ता असतो.

"ताई, छत्तिसावा पाठ पहिला वाजतो. मग पहिला, दुसरा, तिसरा, सगळे नीट."

"मग एकदा जास्त दाबा ना काका," मी म्हणून गेले. घाईत होते, खरं सांगायचं तर.

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुतण्याने माउसने टाकून दिलं तेव्हा बरोबर वाजत होतं. मी टाकलं की बिघडतं. तो म्हणतो, काका, तुमचंच काहीतरी चुकतंय. तेवढं काय चुकतंय ते सांगा."

हे ऐकल्यावर फोन ठेवणं शक्य नव्हतं.

पहिला संशय फाइलींच्या नावांवर. १, २, १० अशी नावं विंडोज आकड्यांच्या हिशेबाने लावतं, पण बरेच प्लेअर अक्षरांच्या हिशेबाने लावतात आणि १० हा २ च्या आधी येतो. म्हणून नावाआधी शून्य लावायचं असतं. काकांनी ते आधीच केलं होतं, एकेका फाइलवर एफ-टू दाबून, छत्तीसही. फाइलींची नावं रोमन लिपीत. त्यांच्या स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज 'सराव' हा शब्द असा काही उच्चारत होता की आम्ही दोघंही हसलो.

मग ते म्हणाले, शेवटचा पाठ प्लेअरवरून डिलीट करून पुन्हा टाकून बघतो. टाकला. प्लेअर सुरू केला. पुन्हा छत्तिसावाच पहिला!

इथे माझी ट्यूब पेटली, पण अर्धीच. असे प्लेअर पेनड्राइव्हसारखे वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसतात आणि त्यांची मेमरी सहसा फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. तिथे फोल्डरमधल्या फाइलींची नोंद एका तक्त्यात होते, आणि नोंदी ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने त्या तक्त्यात बसतात. साधा प्लेअर नावं लावत बसत नाही, तक्ता वरून खाली वाचत जातो. फाइल डिलीट केली की तिची जागा रिकामी होते आणि नवी नोंद त्याच जागेत जाऊन बसू शकते. म्हणजे छत्तिसावा पाठ तक्त्यात सगळ्यात वर बसला होता. डिलीट करून परत टाकल्यावर आपल्याच खुर्चीत येऊन बसला. कॉम्प्युटरवर बघावं तर यादी नावांप्रमाणे लावलेली, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

पण मुळात तो वर गेला कसा?

"काका, पुन्हा पहिल्यापासून करा. मी काही बोलणार नाही, नुसती ऐकते."

त्यांनी फोल्डर उघडला. होम दाबलं, स्क्रीन रीडरने पहिल्या फाइलचं नाव घेतलं. शिफ्ट धरून एंड दाबलं. छत्तिसाव्या फाइलचं नाव, आणि मागोमाग "थर्टी सिक्स ऑफ थर्टी सिक्स". मग कंट्रोल-सी.

त्या दिवसात हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते. आधीच्या तीनही वेळा माझ्या डोक्यात एवढंच आलं, की चला, सगळ्या फाइली निवडल्या गेल्या. पण स्क्रीन रीडर आणखीही एक गोष्ट सांगत होता: फोकस, म्हणजे कीबोर्ड या क्षणी जिथे उभा आहे ती जागा, आता शेवटच्या फाइलवर आहे. आणि एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजमध्ये फाइली दाखवणारा प्रोग्राम, कॉपी करताना फोकस असलेली फाइल आधी उचलतो, बाकीच्या त्यामागून.

पुतण्या काय करत असणार? सगळं निवडून पहिल्या फाइलला माउसने धरायचा आणि ओढून टाकायचा. धरलेली फाइल पहिली. त्याच्याकडून ही चूक होण्याची सोयच नव्हती. आणि काकांनी जे केलं ते तर मीच शिकवते, होम आणि मग शिफ्ट-एंड. आजवर कितीजणांना शिकवलं असेल देव जाणे.

माझ्याजवळचा एक जुना प्लेअर लावून दोन्ही प्रकार करून पाहिले. तेच झालं.

"काका, प्लेअरवरचा तो फोल्डर डिलीट करा आणि नव्या नावाने दुसरा बनवा. आता उलटं. आधी एंड, मग शिफ्ट धरून होम."

स्क्रीन रीडर म्हणाला, "वन ऑफ थर्टी सिक्स." कंट्रोल-सी. नव्या फोल्डरमध्ये कंट्रोल-व्ही. मग एनव्हीडीएचे, म्हणजे काकांच्या स्क्रीन रीडरचे, ते टुकटुक आवाज सुरू झाले, कॉपी जसजशी पुढे जाते तसतसे वर चढत जाणारे. काका त्यांच्यासोबत बारीक आवाजात गुणगुणत होते.

प्लेअर काढायच्या आधी ड्राइव्हवर जाऊन ॲप्लिकेशन की (माउसच्या राइट-क्लिकचा मेनू उघडणारी), मग इजेक्ट. विंडोज म्हणालं, वापरात आहे. नेहमीचंच. एक्सप्लोररची खिडकी बंद करून पुन्हा केलं तेव्हा सुटला.

बटणाचे सहा खटके मला फोनमधून ऐकू आले. मग त्यांच्या बाईंचा आवाज, जरा खरखरीत: "पाठ सातवा."

"पुतण्याला आता तुम्हीच सांगा," काका म्हणाले, "मी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही." तेवढ्यात पाठातला पहिला सूर लागला आणि ते बोलायचे थांबले. मी थोडा वेळ ऐकत राहिले. मग फोन मीच ठेवला.