तुम्ही विचारलंत म्हणून: सोमाली लेखक सोमालीत का लिहीत नाहीत?

प्रश्न दर वेळी तोच असतो. नुरुद्दीन फराह इंग्रजीत लिहितात, इजियाबा शेगो इटालियनमध्ये, नदीफा मोहमद आणि वर्सान शिरे यांचं घडणं लंडनमधलं आणि लेखन इंग्रजीतलं. मग याला सोमाली साहित्य कशाच्या आधारावर म्हणायचं? आणि त्याला जोडून दुसरा: स्वतःच्या माणसांबद्दल एवढा जिव्हाळा असेल तर त्यांच्या भाषेत का नाही लिहिलं?

विचारणाऱ्यांना हुकूमशहा सियाद बारेची राजवट माहीत असते, १९९१ मध्ये ती कोसळल्यानंतरची वाताहत माहीत असते. ते पुन्हा सांगत नाही. माझा आक्षेप प्रश्नाच्या पोटातल्या समजुतीला आहे. लेखकासमोर दोन भाषा होत्या आणि त्याने सोयीची उचलली, अशी ती समजूत. नीट तारखा लावून पाहिल्या तर ती टिकत नाही.

सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली २१ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी अरबी अक्षरं होती, उस्मान युसुफ केनादीद यांनी १९२०च्या सुमारास घडवलेली उस्मानिया लिपी होती, रोमन लिपीचे निरनिराळे आराखडे होते, आणि कुठली स्वीकारायची यावर स्वातंत्र्यानंतर एक तप वाद चालला. तोवर सरकारी कागद उत्तरेत इंग्रजीत आणि दक्षिणेत इटालियनमध्ये. फराह यांचा जन्म १९४५चा, बैदोआचा. बालपण इथिओपियातल्या सोमालीभाषक ओगादेनमध्ये गेलं, शाळेत अरबी, इंग्रजी आणि अम्हारिक होती. आई मौखिक परंपरेतली कवयित्री. म्हणजे घरात सोमाली काव्य भरपूर, पण ते कागदावर उतरवण्याची सर्वमान्य पद्धत नाही. पहिली कादंबरी, 'फ्रॉम अ क्रुकेड रिब', त्यांनी चंदीगडला पंजाब विद्यापीठात शिकत असताना लिहिली. ती १९७० मध्ये निघाली, लिपीच्या दोन वर्षं आधी. त्या वेळी त्यांनी सोमालीत का लिहिलं नाही हा प्रश्न मी आता ऐकूनही घेत नाही.

लिपी आल्यावर त्यांनी काय केलं, ते मात्र ऐका, कारण इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९७३ मध्ये त्यांनी सोमालीत कादंबरी लिहायला घेतली आणि ती वर्तमानपत्रात क्रमशः येऊ लागली. लिपी जेमतेम वर्षाची, साक्षरता मोहीम नुकती सुरू झालेली, ग्रामीण भागातली मोठी मोहीम तर १९७४-७५ची. तरीही त्यांनी लिहायला घेतलं. सेन्सॉरने ती मालिका मध्येच थांबवली. छापखाने सरकारचे, वर्तमानपत्र सरकारचं, कागद सरकारचा. पाश्चात्त्य प्रकाशकाकडे पाठवायची तर सोमाली वाचणारा संपादक तिथे नाही. सोमालीत कादंबरी छापण्याची जी एकमेव वाट होती ती सरकारच्या दारातून जात होती, आणि ते दार बंद झालं.

१९७४ मध्ये ते शिक्षणासाठी ब्रिटनला गेले. तोवर निर्वासन हा शब्दच नव्हता. शिक्षण संपवून परतायचं, एवढाच बेत. सोबत 'अ नेकेड नीडल' ही कादंबरी होती, मोगादिशूतल्या एका शिक्षकाचा एक दिवस सांगणारी, बारेच्या 'क्रांती'च्या पहिल्या वर्षांकडे उत्साहाने आणि संशयाने एकाच वेळी पाहणारी. ती लिहून झाली होती १९७२च्या आसपास, निघाली १९७६ मध्ये. आज वाचताना ती सौम्य वाटते. राजवटीवर उघड हल्ला तीत जवळजवळ नाही, शहरातल्या गप्पा आणि अफवा आहेत. पण हुकूमशाहीत धोका पुस्तकातल्या वाक्यांवरून ठरत नाही, वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवरून ठरतो.

१९७६ मध्ये फराह रोममध्ये होते, मोगादिशूला परतण्याच्या वाटेवर. विमानतळावर घ्यायला ये, हे सांगायला त्यांनी भावाला फोन केला. भावाने सांगितलं की येऊ नकोस. या पुस्तकाने वरची मंडळी खवळली आहेत, तू सोमालिया विसर, तो देश तुझ्यापुरता मेला आणि पुरला गेला असं समज. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. यात न्यायालय नाही, हद्दपारीचा हुकूम नाही, सरहद्दीवरचा पहारेकरी नाही. जवळचा माणूस, काळजीपोटी, महागड्या आंतरराष्ट्रीय फोनवर दोन वाक्यं बोलतो आणि माणसाचा देश जातो. निर्वासन या विषयावर जी भारदस्त व्याख्यानं होतात त्यांत निर्णय आणि बाणेदारपणा फार ऐकू येतो. इथे निर्णय घ्यायला वेळ तरी कुठे होता? सामान बांधलेलं होतं. फोनच्या त्या टोकाला भाऊ मागे राहणार होता, त्याच राजवटीत, आणि या टोकाला असलेल्याने काहीही बोललं तरी त्याची झळ पहिली भावाला बसणार होती. म्हणून बाहेर पडलेल्या लेखकाला 'आता तू मोकळा आहेस' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मागे माणसं असतात तोवर मोकळा कोणी नसतो.

त्यानंतर फराह यांनी सोमालियात पाऊल ठेवलं ते १९९६ मध्ये. १९७४ पासूनची ही बावीस वर्षं इटली, ब्रिटन, नायजेरिया, गाम्बिया, सुदान, युगांडा. याच काळात 'स्वीट अँड सावर मिल्क' (१९७९), 'सार्डीन्स' (१९८१), 'क्लोज सेसमी' (१९८३) ही हुकूमशाहीवरची त्रयी झाली, आणि 'मॅप्स' (१९८६) झाली. या कादंबऱ्यांतलं मोगादिशू हे मनात साठवलेलं शहर आहे. गल्ल्या, घरं, समुद्राकडची बाजू, सगळं १९७४चं. माणसांची बोलणी मात्र पुढच्या वर्षांची, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून लिहिता येतात. त्रयी वाचताना हा सांधा जाणवतो: खोल्यांतले संवाद दाट, रस्ता विरळ. काही समीक्षक याला शैली म्हणतात. मला ती लेखकाला रस्त्यावर जाताच येत नव्हतं याची खूण वाटते.

आता कवितेकडे वळतो, कारण तिथे नेमकं उलटं घडलं, आणि तुमचा प्रश्न ज्या गोष्टीवर रेलून उभा आहे ती तिथे आहे. सोमाली साहित्याचा कणा कादंबरी कधीच नव्हती. तो काव्याचा आहे, आणि त्यातही गबय या प्रौढ वृत्ताचा. गबयची ओळ यतीने दोन भागांत तुटते, पहिला मोठा, दुसरा छोटा. दोन्ही भागांत निदान एक शब्द ठरलेल्या ध्वनीने सुरू व्हायलाच हवा, आणि तो ध्वनी अख्ख्या कवितेभर बदलत नाही. शंभर ओळी असतील तर दोनशे वेळा. कुठल्याही स्वराने सुरू होणारे सगळे शब्द मात्र एकाच गटातले मानतात. वृत्त मात्रांचं आहे: स्वर ऱ्हस्व तर एक, दीर्घ तर दोन. मराठीत पुढे जोडाक्षर आलं की लघूचा गुरू होतो, तसं तिथे होत नाही. हे नियम शतकानुशतकं कवींच्या कानात होते. मोहम्मद हाशी धमा, म्हणजे 'गारिये', यांनी १९७६ मध्ये 'हिद्दिग्ता ओक्तोबार' या सरकारी दैनिकात ते पहिल्यांदा मांडून दाखवले. म्हणजे फराह यांना रोममध्ये फोन करावा लागला त्याच वर्षी.

कविता रचल्यावर ती पाठ करणारे घेऊन जात. त्यांनी शब्द बदलायचे नाहीत आणि सुरुवातीला कवीचं नाव सांगायचं, हा दंडक. आपल्याकडे 'तुका म्हणे' अभंगाच्या आत असतं, तिकडे ते सांगणाऱ्याच्या तोंडी असतं, एवढाच फरक. अनुप्रासाचा उपयोगही इथेच कळतो. ओळ विसरली तर ध्वनी हात देतो, कोणी चुकीचा शब्द घुसवला तर कानाला खटकतो. मग रेडिओ आला, सत्तरच्या दशकात कॅसेट आली, आणि सेन्सॉर हतबल झाला. मोहम्मद इब्राहिम वारसामे 'हद्रावी' यांना १९७३ मध्ये पकडून पाच वर्षं कन्सह्धेरे इथे डांबलं. फराह यांची सोमाली मालिका बंद पडली तेच हे वर्ष. मालिका थांबली ती थांबलीच, हद्रावींच्या कविता मात्र फिरत राहिल्या. १९७९-८०च्या हिवाळ्यात गारिये यांनी 'द' ध्वनीवर एक कविता रचून टोळीवादाला आव्हान दिलं. एकामागून एक कवींनी त्याच ध्वनीवर उत्तरं दिली. 'देल्ले' नावाची ती साखळी कॅसेटवरून देशभर आणि आखातातल्या मजुरांपर्यंत पोचली. प्रत काढायला लागतं काय? दोन टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट.

म्हणून 'सोमालीत लिहीत नाहीत' हे वाक्य मुळातच चुकतं. कवी सोमालीतच रचत होते, तुरुंगात, बंडखोरांच्या छावणीत, नंतर परदेशातही. १९८८ मध्ये सरकारी विमानांनी देशाच्याच उत्तरेतल्या हरगेसा शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा रेडिओवरच्या ध्वनिफिती लोकांनी जमिनीत पुरून वाचवल्या. आज हरगेसाच्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांहून अधिक कॅसेट आहेत. तुमच्यापर्यंत हे पोचलं नाही याचं कारण साधं आहे. कादंबरी जहाजाने येते, गबय येत नाही. इंग्रजीत आणताना तो अनुप्रास शंभर ओळी ओढला तर हास्यास्पद होतो, सोडला तर उरतो तो उपदेश. आशा लुल मोहमूद युसुफ लंडनमध्ये राहून सोमालीतच रचतात. क्लेअर पोलार्ड यांनी भाषा जाणणाऱ्यांच्या शब्दशः भाषांतरावरून त्यांच्या कवितांना इंग्रजी रूप दिलं, आणि २०१७ मध्ये ते मूळ सोमालीसह निघालं. अनुप्रास जागोजागी शिंपडला आहे, सलग नाही. यापेक्षा जास्त जमेल असं मला वाटत नाही.

पुढची पिढी वेगळी. नदीफा मोहमद यांचा जन्म १९८१चा, हरगेसाचा. १९८६ मध्ये कुटुंब लंडनला आलं आणि दोन वर्षांत मागचं शहर उद्ध्वस्त झालं. शाळा इंग्रजी, ग्रंथालय इंग्रजी. 'द फॉर्च्यून मेन' (२०२१) ही त्यांची कादंबरी कार्डिफच्या गोदीतल्या महमूद मत्तान या सोमाली खलाशाची आहे. १९५२ मध्ये त्याला न केलेल्या खुनासाठी फाशी झाली आणि १९९८ मध्ये शिक्षा रद्द ठरली. खटला इंग्रजीत चालला, साक्षी इंग्रजीत झाल्या, फाशीही इंग्रजी कागदावर लिहिली गेली. ही गोष्ट सांगायला इंग्रजी हीच योग्य भाषा आहे, निदान मला तरी तसं वाटतं. वर्सान शिरे २००९ मध्ये रोमला गेल्या होत्या. तिथल्या ओसाड पडलेल्या सोमाली वकिलातीत निर्वासित तरुण राहत होते. आदल्या रात्री त्यांच्यातल्या एकाने छतावरून उडी घेऊन जीव दिला होता. त्या भेटीतून आलेला मजकूर पुढे 'होम' या कवितेत गेला, आणि २०१५ नंतर तिच्या ओळी युरोपभर मोर्चांच्या फलकांवर दिसल्या, पुष्कळदा कवयित्रीच्या नावाशिवाय. पाठ करणाऱ्याने कवीचं नाव आधी सांगायचं, हा जुना दंडक तिथे कोणाला ठाऊक नव्हता.

इथवर मी बचावच केला. आता जे मला अजून छळतं ते. पूर्वी मी असं म्हणत असे की भाषा कुठलीही असो, देश कथेत जिवंत राहिला की झालं. फराह यांनीही लिहून देश जिवंत ठेवण्याची भाषा केली आहे. पण जिवंत कोणासाठी? बारेच्या काळात मोगादिशूतल्या फार थोड्यांना त्रयी मिळाली, आणि मिळालेल्यांतल्या फार थोड्यांना इंग्रजी वाचता आलं. 'लिंक्स' (२००४) घ्या. वीस वर्षांनी परतलेला माणूस आईची कबर शोधतो आहे. शहर दोन युद्धनेत्यांत वाटलेलं, आणि लेखक त्यांना नावं देतो 'स्ट्राँगमॅनसाउथ' आणि 'स्ट्राँगमॅननॉर्थ'. टोळ्यांची खरी नावं घ्यायची नाहीत हा निर्धार मला समजतो, नाव घेणं म्हणजे आगीत लाकूड टाकणं. पण सोमाली वाचकाला नावाशिवाय ती हिंसा धूसर होते, आणि परक्या वाचकाला सोपी. हद्रावींसारखा कवी तसं करू शकला नसता. त्याचा श्रोता समोर बसलेला होता, त्याने तिथल्या तिथे उत्तर रचलं असतं. इंग्रजी कादंबरीला 'देल्ले'सारखं उत्तर मिळत नाही. ही उणीव मी कुठल्याही युक्तिवादाने भरून काढू शकत नाही.

उलट बाजूही तेवढीच खरी. १९९१ नंतर सोमाली भाषेतली पुस्तकं छापली कुठे? मोठ्या प्रमाणावर बाहेरच. स्वीडनमध्ये, लंडनमध्ये, इटलीतल्या पिसामध्ये. मोहम्मद दाहिर अफ्रह यांनी सोमालीतच कादंबरी लिहिली, आणि 'हलबूर' हे नियतकालिक काढलं ते जिबूतीतून. हरगेसाचा पुस्तक मेळा २००८ पासून भरतो आणि त्यामागचे जामा मूसा जामा हे त्याच पिसातून आलेले. सोमाली छापील भाषा तगवण्याचं पुष्कळसं काम निर्वासितांनी केलं. मग बाहेरचा कोण आणि आतला कोण?

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी गबय ऐका, अर्थ न कळता. पहिल्या चार-पाच ओळींत पुन्हा पुन्हा येणारा ध्वनी पकडा आणि ओळीच्या दोन्ही भागांत तो मोजा. दुसऱ्यांदा ऐकताना भाषांतर समोर ठेवा. मग 'स्वीट अँड सावर मिल्क' वाचा, पण संवादांवर रेंगाळा, रस्त्यांची वर्णनं भराभर गेली तरी चालेल. त्यानंतर 'द फॉर्च्यून मेन'. 'लिंक्स' शेवटी, आणि शक्य असेल तर एखाद्या सोमाली वाचकाबरोबर. ती नावं का गाळली यावर तो वाचक तुमच्याशी भांडेल, आणि मी वर जे लिहिलं त्यातलं बरंचसं त्यालाही मान्य नसेल.