पडवीवरचे पत्रे उतरवताना

गावच्या घराच्या मागच्या पडवीवर वडिलांनी १९७९ साली कौले काढून सिमेंटचे पत्रे घातले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच हायसे वाटले होते. दर मे महिन्यात घर शाकारायचे, माकडांनी फोडलेली कौले बदलायची आणि तरीही आषाढात जागोजागी पातेली मांडून ठेवायची, हा सगळा व्याप त्या एका कामाने संपला. हे पत्रे गंजत नव्हते, जळत नव्हते आणि खिशाला परवडत होते. त्यांत सिमेंटबरोबर साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. फुटक्या पत्र्याचा तुकडा पायरीच्या दगडावर घासून घासून आम्ही भावंडे त्याची गोल ठिकरी करत असू आणि हाताला लागलेली भुकटी फुंकरीने उडवत असू.

यंदा एप्रिलमध्ये ते पत्रे बदलायचे ठरले. पाहणी करून ठेकेदार म्हणाला, "काका, नटबोल्ट खोलत कुठं बसायचं? घणानं फोडून खाली पाडतो, दुपारपर्यंत पडवी मोकळी." मी त्याला तिथेच थांबवले. का थांबवले, ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जुने पत्रे काढण्याची ही फोडाफोडीची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते.

जुन्या पत्र्याची तुटलेली कड उन्हात धरून पाहिली, तर करड्या सिमेंटमधून पांढुरकी लव बाहेर आलेली दिसते, जणू जाडेभरडे कापड उसवले आहे. ती लव म्हणजे असंख्य खनिज तंतूंचा जुडगा असतो. त्यातला सुटा तंतू मात्र डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारे हे तंतू ३ मायक्रॉनहूनही बारीक असतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांना गिळायला गेलेल्या पेशीच निकामी होतात आणि त्या जागी वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो. त्यातून फुप्फुस घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा हे आजार होतात, आणि ते दिसून येईपर्यंत बहुधा २० ते ४० वर्षे लोटलेली असतात. "इतकी वर्षं हेच काम करतोय, मला काही झालं नाही," असे तिशीतला कामगार सांगतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. आजार उमटायला लागतात तेवढी वर्षेच अजून झालेली नसतात. त्याला विडी-सिगारेटची सवय असेल, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

धड असलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. पत्रा फोडणे, कटरने कापणे, डिशच्या अँटेनासाठी त्याला भोके पाडणे, शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासणे, यांतून ते मोकळे होतात. परदेशातल्या जुन्या घरांतली गोष्ट याहून कठीण आहे, कारण तिथे ॲस्बेस्टॉस उष्णतारोधक म्हणून पाइपांभोवती, बॉयलरभोवती आणि माळ्यांवर वापरले गेले आणि ते इतके भुसभुशीत असते की नुसत्या धक्क्यानेही हवेत मिसळते. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतले व्हर्मिक्युलाइट हे हलके, उष्णतारोधक खनिज असंख्य घरांच्या माळ्यांवर पसरले गेले. त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. खाण १९९० मध्ये बंद झाली, तरी २००९ मध्ये त्या गावासाठी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही (सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक वापरतात त्या प्रकारावरही) १९९९ मध्ये बंदी घातली. तेथे २००० पूर्वी बांधलेले घर घेणाऱ्या आपल्या लोकांनी भिंत तोडण्यापूर्वी तपासणी करून घ्यावीच.

आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि पत्र्यांचे उत्पादन चालूच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या तपासणीच्या नोंदी किमान ४० वर्षे जपाव्यात असा आदेश दिला. पण घरोघरचे पत्रे उतरवणारा रोजंदारीवरचा माणूस कोणत्याही नोंदवहीत नसतो. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

आम्ही पत्रे उतरवले ते असे. आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी, पाठीवरच्या फवारणी पंपाने थोडा साबण घातलेले पाणी मारून पत्रे चिंब केले. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, म्हणून वर कोणी चढले नाही. खालून शिड्या आणि फळ्या लावल्या. गंजलेले हूक पान्याने सोडवले, जे सुटले नाहीत ते हॅकसॉने कापले आणि एकेक पत्रा अखंडच दोघांनी हातावर खाली घेतला. गमछा गुंडाळून हे तंतू अडत नाहीत, म्हणून चेहऱ्याला घट्ट बसणारे गाळणीचे मास्क आणले. शेततळ्याच्या जाड प्लास्टिक कागदात पत्रे दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावली. केरसुणी बाजूला ठेवून जमीन ओल्या फडक्यांनी पुसली आणि ती फडकीही त्याच कागदात बांधली. कामगारांचे कपडे त्यांच्या घरी जाऊ दिले नाहीत, कारण नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे वर्षानुवर्षे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे आहेत. अर्ध्या दिवसाच्या कामाला अडीच दिवस लागले. ती मजुरी मी आनंदाने दिली.

एक शेजारी खड्डे बुजवायला तुकडे मागायला आले होते. रस्त्यावर गाड्यांखाली भरडले गेल्यावर त्यांची काय धूळ होईल ते सांगितल्यावर ते परत गेले. गुंडाळलेले २२ पत्रे सध्या परसात, मुलांचे पाय लागणार नाहीत अशा कोपऱ्यात आहेत. धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रापर्यंत ते कसे न्यायचे, याची खटपट चालू आहे. गोठ्यावरचे ६ पत्रे धड आहेत, म्हणून ते तसेच ठेवले आहेत. तिथे दिव्यासाठी भोक पाडायला निघालेल्या धाकट्या भावाला मी वायर वाशावरून घ्यायला लावली.