‘डिफॉल्ट सेटिंग्ज दाखवा’ म्हणतात तेव्हा नेमकं काय दाखवायचं?

ऑडिटरच्या मागणीपत्रात एक ओळ ठरलेली असते: ‘युनिक्स सर्व्हरवरील वापरकर्त्यांच्या डिफॉल्ट सुरक्षा सेटिंग्ज दाखवा.’ रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीकडच्या सहकारी बँका आणि पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळणारे बरेच जण ही ओळ वाचून ईटीसी डिरेक्टरीतली लॉगिन डॉट डेफ्स ही सेटिंग्जची फाइल उघडतात, स्क्रीनशॉट काढतात आणि पाठवून मोकळे होतात. फाइलमध्ये पासवर्डची मुदत ९० दिवस दिसते, आणि त्याच सर्व्हरवर एखादं खातं पाच वर्षं एकाच पासवर्डवर चाललेलं असतं. खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण उत्तर चुकलेलं असतं.

लिनक्समध्ये (युनिक्सच्याच धाटणीची प्रणाली) पासवर्डच्या मुदतीसाठी ही फाइल फक्त खातं जन्माला येताना वाचली जाते. खातं उघडणारा युजरअॅड त्यातला ‘पास मॅक्स डेज’ (पासवर्डची कमाल मुदत) उचलतो, शॅडो फाइलच्या (खात्यांचे पासवर्ड आणि मुदती इथे असतात) पाचव्या रकान्यात लिहितो आणि पुन्हा तिकडे बघत नाही. रोपवाटिकेतली माती बदलली म्हणून बागेतली जुनी कलमं बदलत नाहीत, तसंच हे. फाइलमध्ये मुळात ९९९९९ असतं. ते आज ९० केलंत तरी कालपर्यंतची सगळी खाती ९९९९९ वरच राहतात. त्यामुळे पुरावा दोन भागांत द्यावा लागतो. पहिल्यात लॉगिन डॉट डेफ्स आणि युजरअॅड कॅपिटल डी चं आउटपुट. दुसऱ्यात शॅडोमधला पहिला रकाना आणि तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे रकाने, ऑक हे रकाने वेगळे काढणारं साधन वापरून काढलेले. दुसऱ्या रकान्यात पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) असतो, तो पुराव्यात कधीही जाऊ देऊ नका. अख्खी शॅडो फाइल ईमेलने पाठवणारे आजही भेटतात. एकेका खात्यासाठी चेज मायनस एल ही मुदती दाखवणारी आज्ञा पुरे.

युजरअॅडच्या आउटपुटमध्ये ‘इनअॅक्टिव्ह’ समोर उणे १ दिसलं, तर मुदत संपल्यावर खातं आपोआप बंद होण्याची सोय नाही, असा अर्थ. ऑडिटर हे विचारतोच.

पासवर्डच्या लांबीचं प्रकरण वेगळं. लॉगिन डॉट डेफ्समध्ये ‘पास मिन लेन’ दिसलं तरी पॅम (लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी यंत्रणा) वापरणाऱ्या यंत्रावर त्याला कुणी विचारत नाही. खरी लांबी पीडब्ल्यूक्वालिटी डॉट कॉन्फमधल्या ‘मिनलेन’ची, आणि तीही पॅमच्या ओळीत वेगळा आकडा लिहिलेला नसेल तरच, कारण ओळीतला आकडा कॉन्फला मागे टाकतो. क्रेडिटची गंमत अशी: ‘डीक्रेडिट’ (अंकांसाठीचं सेटिंग) उणे १ म्हणजे किमान एक अंक हवाच. तेच अधिक १ ठेवलं तर अंक टाकणाऱ्याला लांबीत एका अक्षराची सूट मिळते, म्हणजे १२ सांगून ११ वर काम भागतं. शिवाय ‘एनफोर्स फॉर रूट’ नसेल तर रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) नुसता इशारा मिळतो आणि पासवर्ड मुकाट स्वीकारला जातो.

चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं कुलूपबंद होण्याचे आकडे फेललॉक डॉट कॉन्फमध्ये असतात. ‘डिनाय’ ३ आणि ‘अनलॉक टाइम’ ६०० सेकंद ही मूळ मूल्यं तिथे बहुधा कॉमेंटच्या खुणेमागे दिसतात. कॉमेंट आहे म्हणून सेटिंग नाही, असं नव्हे. मात्र रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर पॅमच्या सिस्टम-ऑथ आणि पासवर्ड-ऑथ या दोन्ही फाइलींत फेललॉकची ओळच नसेल, तर ही कॉन्फ नुसती शोभेला. म्हणून तिन्ही फाइली सोबत दाखवा. खाती अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (मायक्रोसॉफ्टची खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) येत असतील, तर त्यांच्या पासवर्डचे नियम तिकडचे. ते तिथूनच मागवा, लिनक्सच्या फाइलींतून सिद्ध करायला जाऊ नका.

एआयएक्सवर (आयबीएमचं युनिक्स) गणित उलटं आहे. तिथल्या सिक्युरिटी डिरेक्टरीतल्या ‘यूजर’ फाइलमध्ये डिफॉल्ट नावाचा स्टँझा (सेटिंग्जचा गट) असतो आणि तो कायम जिवंत असतो. पाटाचं पाणी सोडलं की सगळ्या वाफ्यांना पोचतं, ज्याची स्वतःची विहीर आहे तो वाफा सोडून. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या एलएसयूजरला ‘डिफॉल्ट’ दिलंत तर तो त्या नावाचा वापरकर्ता शोधतो. इथे स्टँझा वाचणारा एलएससेक लागतो: फाइलचं नाव, मायनस एस डिफॉल्ट, आणि पुढे एकेक गुणधर्म मायनस ए लावून. ‘मिनलेन’, ‘मॅक्सएज’ (पासवर्डची कमाल मुदत), ‘हिस्टसाइज’ (किती जुने पासवर्ड परत वापरता येत नाहीत), ‘लॉगिनरिट्राइज’, ‘युमास्क’ (नव्या फाइलींच्या परवानग्या) एवढे तरी काढा. ‘लॉगिनरिट्राइज’ शून्य म्हणजे चुकीच्या प्रयत्नांना मर्यादाच नाही. मग एलएसयूजरला ‘ऑल’ देऊन प्रत्येकाची प्रत्यक्ष लागू मूल्यं काढा. स्वतःची विहीर खणलेले तिथे सापडतात.

‘मॅक्सएज’ आठवड्यांत असतं. १३ दिसलं की ऑडिटर ‘तेरा दिवस?’ विचारतो, म्हणून एकक पुराव्याशेजारी लिहा. धोरणात कमाल ९० दिवस असतील तर १३ आठवडे ९१ दिवसांचे होतात, नियम एका दिवसाने मोडतो. १२ ठेवा. त्याच स्टँझातलं ‘पीडब्ल्यूडीवॉर्नटाइम’ (मुदतीआधीचा इशारा) मात्र दिवसांत. सोलारिस या दुसऱ्या युनिक्सचं ‘मॅक्सवीक्स’ही नावाप्रमाणे आठवड्यांतच.

एआयएक्सवरचा सर्वांत वाईट सापळा लॉगिन डॉट सीएफजीमध्ये लपलेला असतो. तिथे पासवर्डचा हॅश बनवणारा अल्गोरिदम जुना क्रिप्ट असेल तर पहिली ८ अक्षरंच मोजली जातात. वापरकर्ता १४ अक्षरांचा पासवर्ड टाकतो आणि नववं अक्षर चुकलं तरी आत येतो. अल्गोरिदम बदलला तरी जुने हॅश पुढचा पासवर्ड बदलेपर्यंत तसेच राहतात, हे अहवालात नमूद करा.

रूटच्या थेट लॉगिनसाठी एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याची सोय) कॉन्फ फाइल दाखवू नका, एसएसएचडी कॅपिटल टी चं आउटपुट द्या, त्यात प्रत्यक्ष लागू सेटिंग्ज दिसतात. इन्क्लूडमधून, म्हणजे दुसऱ्या फाइलीतून, आलेली ओळ आधी वाचली गेली की तीच टिकते, खालची वाया जाते.

प्रत्येक पुराव्याच्या डोक्यावर होस्टनेम, तारीख-वेळ आणि ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती हवी. किनाऱ्यावरच्या शाखांत पावसाळ्यात वीज सारखी जाते. जुन्या मदरबोर्डचा सेल मेलेला असेल तर यंत्र भलत्याच सालात जागं होतं, आणि त्या तारखेचा पुरावा ऑडिटर परत पाठवतो. आधी वेळ एनटीपीशी (नेटवर्कवरून वेळ देणारी सोय) जुळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही ते बंधनकारक आहे, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. पुरानंतर नव्या यंत्रावर बॅकअप चढवलेला असेल, तर लॉगिन डॉट डेफ्स नवी आणि शॅडो जुनी, अशी खिचडी आहे का तेही तपासा.

तफावत सापडली की लगेच सगळ्या खात्यांना चेज लावून ९० करण्याचा मोह होतो. तसं करू नका. ज्याचा पासवर्ड शेवटचा ९० दिवसांहून आधी बदलला आहे, त्याची मुदत त्याच क्षणी संपते. त्यात रात्रीच्या ईओडीचं (दिवसअखेरीच्या कामाचं) आपोआप चालणारं बॅच खातं असेल तर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) त्याला नाकारतो आणि सकाळी शाखा उघडते तेव्हा दिवस बंदच झालेला नसतो. आधी शॅडोच्या तिसऱ्या रकान्यातला शेवटच्या बदलाचा दिवस बघा, माणसांची खाती तुकड्यांत घ्या. बॅच खात्यांची मुदत चेज कॅपिटल एम उणे १ ने काढा, पासवर्ड कुलूपबंद करा (एसएसएचची किल्ली त्यानंतरही चालते, तीही तपासा), आणि व्यवस्थापकाच्या सहीचं अपवादपत्र पुराव्याला जोडा.