तुम्ही विचारलंत म्हणून : पुरुषांनी कुठला स्कर्ट घ्यावा?

"पुरुषांना कुठला स्कर्ट शोभतो?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरंच कुणीतरी सांगून मोकळं होतं, "आत्मविश्वासाने घातला की कुठलाही." आत्मविश्वासाने स्कर्ट कमरेवर टिकत नाही. टिकतो तो कमरपट्टीमुळे आणि पट्टीखालच्या बेतामुळे, म्हणजे कापड कसं कापलंय त्यामुळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २००२ साली पुरुषांच्या स्कर्टवर प्रदर्शन भरलं, पाठोपाठ २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही झालं. म्हणजे घालावा की नाही यावर भरपूर बोलून झालंय. अंगावर बसवायचा कसा, हे विचारणाऱ्याला मात्र कुणी धड सांगत नाही.

पहिल्यांदा तयार स्कर्ट घालून पाहणाऱ्याचं काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच नाद सोडतात. समजा कंबर ९० सेंमी आणि सीट, म्हणजे नितंबांभोवतीचा घेर, १०० सेंमी. तो कमरेचं माप बघून बायकांचा स्कर्ट उचलतो. त्या मापतक्त्यात कंबर आणि सीट यांत साधारण २० ते २५ सेंमीचा फरक धरलेला असतो. याच्या अंगात फरक आहे दहाचा. उरलेलं कापड दोन्ही बाजूंना फुग्यासारखं उभं राहतं. मागचे टक्स, म्हणजे कापड चिमटून शिवलेल्या निमुळत्या घड्या, याच्या अंगात नसलेल्या उभारासाठी घातलेले, म्हणून त्यांच्या टोकांशी कापड पोकळ राहतं. चार पावलं चालला की पट्टी घसरून कमरेच्या हाडांवर येते, कारण तिला अडवायला खाली रुंदी नाही. तो ओढून वर घेतो, ती पुन्हा उतरते. सीट सपाट असेल तर मागची कड खाली लोंबते. पोट असेल आणि पट्टी पोटावरून गेली असेल तर पुढची कड वर उचलली जाते. आरशात तिरका स्कर्ट दिसतो आणि माणूस म्हणतो, "माझं शरीरच यासाठी नाही." हे वाक्य ऐकलं की मला खरोखर वाईट वाटतं. दोष शरीराचा नसतो, तो स्कर्ट दुसऱ्याच अंगासाठी बेतलेला असतो.

म्हणून स्टाइल नंतर, आधी कंबर. बेंबीच्या रेषेवर एक अरुंद इलॅस्टिक बांधा, थोडं चाला, बसा, उठा, आणि ते जिथे स्थिरावेल ती तुमची रेषा. तिथून जमिनीपर्यंत पुढून, बाजूने आणि मागून वेगवेगळी मापं घ्या. तीन आकडे सारखे येणार नाहीत. आलेला फरक कापताना वर, कमरेच्या रेषेत द्यायचा, खालची कड कापून नाही. खाली कापलात तर घेर वाकडाच पडतो. सपाट सीटसाठी मागची रेषा मध्यभागी साधारण एक ते दीड सेंमी खाली घेतली की लोंबणं थांबतं. कंबर बसूनही मोजा. बसल्यावर माप वाढतं, आणि पट्टी त्या मापालाही पुरली पाहिजे.

पट्टी बेंबीवर की पोटाखाली, यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. पँटची सवय असलेल्यांना पोटाखालीच बरं वाटतं. मी वरच्या रेषेच्या बाजूचा, कारण तिथे स्कर्ट घसरत नाही आणि पाय लांब दिसतात. पण तासन्‌तास बसून काम करणाऱ्याला ती पट्टी काचते, हेही खरं. पोटाखाली नेसायचाच असेल तर रेषा पुढे उतरती बेता आणि बेल्टचे लूप लावा, निदान पाच.

पूर्वी मी सरसकट सांगायचो : पुढे सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक, विषय संपला. पोट असलेल्या माणसाला आजही तेच सांगेन. कंबर आणि सीट जवळजवळ सारखी असली की चेनही लागत नाही, आणि पोटावर चुण्या येत नाहीत. इलॅस्टिक चार सेंमी रुंद घ्या, अरुंद असेल तर वळतं. पण सडपातळ माणसाला त्याच मागच्या चुण्या झोळासारख्या दिसतात. त्याला साइड चेन आणि दोन छोटे टक्स बरे. तेव्हाचा मी यावर म्हणेन की नाडी किंवा इलॅस्टिक नसेल तर जेवल्यावर काय करायचं? त्याचंही बरोबर आहे.

किल्टकडून, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या पारंपरिक स्कर्टकडून, एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पुढचा भाग सपाट, सगळ्या प्लीट (दाबून घातलेल्या घड्या) मागे, आणि त्या कमरेपासून सीटपर्यंत शिवून बंद केलेल्या. घेर सुटतो तो सीटच्या खाली. म्हणून सात-सात मीटर कापड असूनही कंबर जाड दिसत नाही. कमरेपासूनच सुटणाऱ्या प्लीट किंवा सगळीकडून चुण्या हे चौकोनी अंगावर टाळा. कळ्यांचा, हलका ए-लाइन (वर अरुंद, खाली पसरत जाणारा) स्कर्ट सगळ्यात कमी त्रास देतो.

सरळ स्कर्ट हवा असेल तर आधी पाऊल मोजा. नेहमीचं मोठं पाऊल टाकून उभे राहा आणि जिथे कड येणार त्या उंचीवर दोन्ही पायांभोवती टेप फिरवा. खालचा घेर त्यापेक्षा कमी असेल तर मागे काप द्यावाच लागेल, आणि जिना चढताना तो काप कुठवर उघडतो तेही बघा.

लांबीला माझं मत ठाम आहे : गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर, किंवा पोटरी संपते त्याच्या खाली. पोटरीच्या सगळ्यात जाड जागी कड आली की पाय बुटके दिसतात. वर शर्ट खोचा किंवा कमरेच्या हाडापाशी संपणारा घाला. लांब शर्ट सोडलात तर स्कर्टचा सगळा बेत झाकला जातो.

कापड २०० ते २८० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), गॅबर्डिन म्हणजे घट्ट विणीचं तिरप्या रेघांचं कापड, किंवा जाड लिनन. पातळ सुती पायाला चिकटतं आणि वाऱ्याने उडतं. खालची दुमड चार-पाच सेंमी ठेवली तर कडेला वजन येतं. अस्तर गुळगुळीत, कडेपेक्षा दोन-तीन सेंमी आखूड. रॅप स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचा, असेल तर पदर एकमेकांवर ३५-४० सेंमी तरी यायला हवेत आणि आतून एक बटण हवंच, नाहीतर बसल्यावर मांडी उघडी पडते.

आणि जे कुणी विचारत नाही ते : मांड्या घासतात. पँटमध्ये मधे कापड असतं, इथे नसतं. आत लांब पायांची, अंगाला बसणारी अंडरवेअर घाला, पाय १५ सेंमीपेक्षा लांब, शिवण मांडीच्या आतल्या बाजूला नसलेली.

खिशांचं मला अजून मनासारखं जमवता आलेलं नाही. बाजूच्या शिवणीतला खिसा दिसायला स्वच्छ, पण फोन ठेवला की प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो. खिशाची पिशवी वर कमरपट्टीत अडकवून शिवली तर आपटणं कमी होतं, पण वजन पट्टीवर येऊन ती बाजू उतरते. वरून लावलेले मोठे खिसे फोन नीट धरतात, पण रुंद सीटवर आणखी रुंदी चढवतात. सध्या मी उजवीकडे एकच, मांडीच्या थोडा पुढे, झाकणाचा खिसा सुचवतो, आणि दर वेळी समोरचा विचारतो, "दुसरा का नाही?"