मुंबई–दिल्लीचे ८०० तास आणि अमेरिकेचे ८०० तास

दोन वैमानिक. दोघांच्याही लॉगबुकात वर्षाचे ८०० तास. एक मुंबई, दिल्ली, कोची अशा फेऱ्या मारतो, दुसरा दिल्लीहून अमेरिकेला जातो. अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाचा हिशेब मांडला, तर पहिल्याच्या खात्यात साधारण दीड मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) जमतो, दुसऱ्याच्या चारच्या आसपास. नुसत्या तासांवरून डोस काढणारे इथेच फसतात.

हा किरणोत्सर्ग अंतराळातून येतो. दीर्घिकेतून येणारे वेगवान कण, बहुतेक प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉन, म्युऑन, इलेक्ट्रॉन अशा कणांचा सडा पडतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ जमिनीला समांतर असतं, त्यामुळे वरून येणारा कण वळून बाहेर फेकला जातो. दक्षिण भारताच्या आकाशात सरळ खाली उतरायला प्रोटॉनकडे सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. इतका उंच उंबरठा जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. ध्रुवाकडे मात्र दार जवळजवळ सताड उघडं.

म्हणून ३५,००० फुटांवर आपल्याकडे तासाला साधारण २ ते अडीच मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग), तर युरोप आणि उत्तर अटलांटिकवर ५ च्या घरात. या उंचीच्या आसपास दर ६,००० फुटांमागे आकडा जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ३९,००० वर जाणारं विमान इंधन वाचवतं आणि डोस वाढवतं. पण उत्तरेकडे सरकताना होणारी वाढ ६० अंश अक्षांशाच्या पलीकडे थांबते. तिथे चुंबकीय क्षेत्राची अडचण उरत नाही आणि चाळणीचं काम हवाच करते. त्यामुळे ‘विमान ध्रुवावरून जातं’ म्हणून रोजच्या डोसची वेगळी धास्ती घेण्यात अर्थ नाही. ध्रुवाचा खरा प्रश्न सौर वादळाच्या दिवशीचा.

ढोबळ आकडे असे: मुंबई–दिल्ली ३ ते ४ मायक्रोसिव्हर्ट, मुंबई–लंडन ३० ते ४०, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ८० ते १००. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात. वर्षातून एकदा लेकीकडे लंडनला जाणाऱ्या आजींनी हा विषय खुशाल सोडून द्यावा. (सुरक्षा तपासणीच्या धातुशोधक चौकटीचा तर इथे संबंधच नाही, तिच्यात क्ष-किरण नसतात.)

गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं छोटं यंत्र, घेऊन विमानात बसणारे हौशी लोक वाढलेत. उड्डाणानंतर पहिली काही मिनिटं आकडा उलट खाली जातो, कारण जमिनीतल्या युरेनियम-थोरियमचा वाटा मागे पडतो. मग तो चढत जातो. पण ३५,००० फुटांवर दिसणाऱ्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. त्यातली साधी नळी न्यूट्रॉन जवळजवळ मोजतच नाही आणि या उंचीवर डोसचा निम्म्याच्या आसपास वाटा न्यूट्रॉनचा असतो. एक्स-रे विभागात छातीला लावतात तो डोस मोजणारा बिल्लाही इथे त्याच कारणाने तोकडा पडतो. म्हणूनच जगभर विमान कर्मचाऱ्यांचा डोस मोजत नाहीत, गणिताने काढतात.

अमेरिकेच्या एफएएची, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेची, हा डोस काढणारी ‘कारी-७’ ही संगणक प्रणाली फुकट मिळते. तिला विमानतळांचे चार अक्षरी संकेत (मुंबई व्हीएबीबी, लंडन हीथ्रो ईजीएलएल), तारीख, चढायला लागलेली मिनिटं, प्रत्येक उंची आणि त्या उंचीवरची मिनिटं, शेवटी उतरण्याची मिनिटं द्यायची. नेहमीच्या चुका तीन. पूर्ण प्रवासाला एकच उंची टाकणं. विमान इंधन जाळत टप्प्याटप्प्याने वर चढतं आणि शेवटचा सर्वात उंच टप्पा बऱ्याचदा उत्तरेत येतो, तिथेच डोस निसटतो. दुसरी, धावपट्टीकडे जाण्याचा वेळ धरणं. तिसरी सर्वात वाईट: दोन विमानतळांतलं सर्वात जवळचं अंतर गृहीत धरणं. हवाई हद्द बंद असते तेव्हा विमान शेकडो किलोमीटर वळसा घेतं, मग प्रवासाचे तुकडे करूनच हिशेब करावा लागतो.

तारीख लागते ती सूर्यामुळे. सूर्य शांत असतो तेव्हा डोस वाढतो, कारण सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दुबळं पडतं आणि बाहेरचे कण जास्त आत येतात. डाग भरलेला सूर्य, उलट, कमी डोस देतो. अपवाद मोठ्या सौर स्फोटांचा. ऑक्टोबर २००३ च्या वादळात एफएएने २५,००० फुटांपेक्षा उंच उडणाऱ्या विमानांसाठी इशारा दिला होता. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेत तासाला ३० मायक्रोसिव्हर्टला ‘मध्यम’ आणि ८० ला ‘तीव्र’ सूचना निघते. उपाय दोनच, खाली उतरणं किंवा दक्षिणेकडे सरकणं, आणि दोन्हींचं मोल इंधनात चुकतं करावं लागतं.

युरोपीय संघात वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ओलांडू शकणाऱ्या कर्मचाऱ्यांचा डोस काढणं कंपनीवर बंधनकारक आहे. जिथे कंपनी असा आकडा देत नाही, तिथे लॉगबुकाशेजारी मार्ग आणि उंचीचा रकाना स्वतःच ठेवावा.

आणि हे सगळ्यात गरजेचं ठरतं केबिन क्रूमधल्या बायकांना. गर्भासाठी, गर्भधारणा कळवल्यापासून पुढे, मर्यादा १ मिलिसिव्हर्टची धरतात. पहिल्या तीन महिन्यांत ०.३६ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त डोस आणि गर्भपाताचा वाढलेला धोका यांचा संबंध असू शकतो, असं अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था नायोश सांगते. दिवस गेल्याचं लक्षात येईपर्यंतच पाच-सहा आठवडे निघून जातात, म्हणून रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) आधीच बघायला हवं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन फेऱ्यांत ०.३६ चा आकडा जवळपास गाठला जातो. मुंबई–दिल्लीला त्यासाठी शंभरेक उड्डाणं लागतील.