चेंडू पट्टीतून आरपार

गेम बनवायचा असं ठरवलं, तेव्हा माझ्या डोक्यातल्या गेममध्ये चार राज्यं होती, घोडे होते, बदलतं हवामान होतं. आठ महिने त्यात घातले. हाती लागला एक डोंगर, त्यावर चालणारा एक माणूस आणि राजघराण्यांच्या वंशावळींनी भरलेली एक वही. उंचावरून उडी मारली की तो माणूस कधीकधी डोंगरात कमरेपर्यंत रुतायचा. का, ते काही केल्या सापडेना.

शेवटी ते फोल्डर बाजूला सारून पॉन्ग हा चेंडू टोलवायचा जुना गेम करायला बसलो. दोन पट्ट्या, एक चेंडू. १९७२ मध्ये अटारी या गेम कंपनीत संस्थापक नोलन बुशनेलने ॲलन अल्कॉर्न या इंजिनिअरला हे काम हात बसावा म्हणूनच दिलं होतं. म्हटलं, मग आपणही हात बसवू. एका दुपारचं काम, असा माझा अंदाज. अकरा दिवस लागले.

पहिल्याच संध्याकाळी चेंडू हलला. कौतुकाने मित्राच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायला गेलो, तर चेंडू नजरेत मावेना. मी तो दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या दर चित्राला, ५ पिक्सेल सरकवत होतो. माझा स्क्रीन ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम आणि ३०० पिक्सेल. त्याचा १४४ हर्ट्झचा, तिथे तेच ७२० झाले. वेग सेकंदात मोजायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचा. हे मी आधी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि मित्रासमोर फजिती होऊन कळलेलं यात फरक असतोच.

खरा छळ पुढे होता. प्रत्येक टोल्याला चेंडूचा वेग थोडा वाढायचा, आणि खेळ रंगला की अचानक चेंडू पट्टीतून आरपार जायचा. नेहमी नाही, दहातून एखाद्या वेळी. चार दिवस मी पट्टीलाच दोष देत बसलो. मग कंटाळून दर फ्रेमला चेंडूची जागा स्क्रीनवर छापून पाहिली. वेग १२०० वर गेला होता, म्हणजे फ्रेममागे २० पिक्सेल. पट्टीची जाडी १० आणि चेंडू ८ पिक्सेलचा, मिळून १८. एका फ्रेमला चेंडू पट्टीच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे, आणि मधे तो कुठे नसतोच! मी फक्त ‘आत्ता शिवतोय का’ एवढंच तपासत होतो. आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंतची सगळी वाट तपासायला लावली आणि प्रश्न सुटला. आणि तेव्हाच डोंगरात रुतणारा माणूस आठवला. हाच रोग! जोरात खाली येताना तोही एका फ्रेमला हवेत आणि पुढच्या फ्रेमला जमिनीच्या आत असायचा. आठ महिन्यांच्या पसाऱ्यात ते दिसणार कुठून?

उरलेले दिवस गेले गुण, आवाज आणि ‘पुन्हा खेळा’ या बटणात. त्या बटणाला मी क्षुल्लक समजलो होतो. नव्या डावात चेंडू जुन्या डावाच्या वेगानेच सुटायचा.

मग सापाचा गेम. साप दर १५० मिलिसेकंदांनी एक घर सरकायचा. उजवीकडे जाताना वर आणि डावीकडे अशी बटणं पटकन दाबली की बिचारा स्वतःच्याच मानेवर आदळून मरायचा. उलटं वळायला मी बंदी घातली होती, पण ‘वर’ची नोंद लगेच झाल्यामुळे ‘डावीकडे’ कायदेशीर ठरायचं. बटणं रांगेत ठेवून दर पावलाला एकच उचलली, तेव्हा साप जगला. विटा फोडायचा गेम त्यामानाने सरळ गेला.

चौथा उड्यांचा. भाचीला खेळायला दिला, तर ती दर खड्ड्यात पडून ओरडायची, “मामा, मी दाबलं होतं ना!” गणिताने ती चुकीची होती; कडा सुटल्यावर दोन-तीन फ्रेमनी तिचं बटण पडत होतं. तरी मी तिचंच ऐकलं. कडा सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी चालेल असं केलं. गेम सोपा झाल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. “आता नीट झालाय,” म्हणाली.

मध्यंतरी जुनं फोल्डर उघडलं. डोंगरातला माणूस अर्ध्या तासात बाहेर काढला आणि फोल्डर पुन्हा बंद केलं. एक घोडा तेवढा उचलून आणलाय. एकच बटण, कुंपणावरून उडी. सध्या तो धावतो छान, पण उडीत त्याची शेपटी मागेच राहते.