गोगलगायीचा पाठलाग

ताहिती आणि शेजारचं मोरेआ ही पॅसिफिकमधली बेटं. तिथल्या जंगलात, पानांच्या उलट्या बाजूला, नखाएवढ्या पार्टुला गोगलगायी राहायच्या. दिवसा पानाला चिकटून झोपायचं, रात्री उठून कुजकी पानं नि शेवाळ खरवडायचं. अंडी घालायची भानगड नाही. थेट पिल्लू, तेही एका वेळी एकच, इवल्याशा शंखासकट. इतका निवांत संसार मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.

तो उधळला दुसऱ्या गोगलगायीनं. मला हे अजून पचत नाही.

झालं असं, की 1967 मध्ये खाण्यासाठी म्हणून आफ्रिकेची थोराड गोगलगाय ताहितीत आणली. तिनं उलट लोकांचीच पिकं खायला घेतली. (हीच ती शंखी गोगलगाय, जिनं 2022च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं.) उतारा म्हणून आणली फ्लोरिडाकडची वुल्फस्नेल, म्हणजे गोगलगायी खाणारी गोगलगाय. मोरेआवर ती 1977 मध्ये सोडली. तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांब ओठ असतात, मिशाच म्हणा. त्या मिशा टेकवत ती चिकट रेघेचा माग काढत जाते आणि भक्ष्य लहान असेल तर शंखासकट गिळते. पार्टुला बिचारी जाईल तिथे आपला पत्ता स्वतःच लिहून ठेवणारी! थोराड आफ्रिकन राहिली बाजूला, आणि 1987 पर्यंत मोरेआच्या जंगलात पार्टुलाच्या सातही जाती संपल्या. आपल्याकडे एखादा उड्डाणपूल रखडतो, तेवढ्याच काळात. पळणारी गोगलगाय, पाठलाग करणारीही गोगलगाय, तरी इतकी घाई!

काही जाती वाचल्या त्या परदेशी प्राणिसंग्रहालयांत, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत. सगळ्याच नाही. 'पार्टुला टर्जिडा'ची शेवटची गोगलगाय 1996च्या जानेवारीत लंडनमध्ये मेली. अख्खी जात गेली, आपल्या बेटापासून इतक्या लांब, एका डब्यात.

2015 पासून मात्र उरलेल्यांची पाठवणी परत बेटांवर चालू आहे. सोडण्याआधी प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा ठिपका देतात. रात्री विजेरीच्या उजेडात तो चमकतो, म्हणजे शोधणाऱ्यांना मोजता येतं. 2024 मध्ये मोरेआवर पूर्ण वाढलेल्या पार्टुला सापडल्या, आणि त्यांच्या शंखांवर ठिपका नव्हता. डब्यातल्या नव्हेत, तिथेच जन्मलेल्या!

वुल्फस्नेलही अजून बेटांवर आहेच म्हणा. तिच्यावर उतारा म्हणून तिसरा प्राणी आणायची टूम कुणी काढली नाही, म्हणजे मिळवली.